तोळामासा स्टोव्ह

भाजीवाल्याकडे पावशेराच्या खाली न उतरणारा आमचा एक मित्र ट्रेकचा स्टोव्ह घेताना मात्र "हा ८५ ग्रॅम, तो १२०" असा घोळ घालत बसतो. पस्तीस ग्रॅमची किंमत म्हणे चढावर कळते. स्वतःच्या पोटावरचे जादा दहा किलो तो प्रत्येक गडावर बिनतक्रार चढवतो. ते सामानात धरायचे नसतात.

स्टोव्ह गोजिरवाणा असतो, हे खरं. घडी केली की मुठीत मावतो, गॅसच्या डब्यावर फिरवून बसवला की पेटतो. नुसता ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास संपावर जातो, पण ती काळजी हिमालयवाल्यांनी करावी. आपली अडचण खिचडीची. त्या तीन काड्या एका माणसाच्या कॉफीपुरत्या बनवलेल्या. त्यांवर आपण आठ जणांचं पातेलं चढवतो. मग एकानं सांडशीनं पातेलं सावरायचं, दुसऱ्यानं ढवळायचं आणि तिसऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. डब्याभोवती पत्र्याचा आडोसा गुंडाळायची सोय नाही. डबा तापला, तर शिवकाळानंतर गडावर प्रथमच तोफ उडेल. त्यात कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळायला लागतं. तूरडाळ त्याला भीक घालत नाही. शेवटी कुणीतरी मुकाट्यानं तीन दगड मांडतं.

बुटांचं प्रकरण आणखी मजेशीर. महागडे वॉटरप्रूफ बूट सह्याद्रीच्या पावसात घालून बघा. पाणी घोट्यावरून आत येतं आणि बूट वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेर जात नाही. प्रत्येक पायात एकेक खासगी टाकं! त्यापेक्षा ते अ‍ॅक्शनचे काळे, ओबडधोबड ट्रेकिंग बूट बरे. रूपाच्या नावानं बोंब, पण घसाऱ्यावर आणि ओल्या कातळावर इमानी. ट्रेकर मंडळींत त्यांचं नाव उगाच झालेलं नाही.

बूट घ्यावेत संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना आणि जाड मोजे घालून. उतरताना अंगठा पुढे आपटला, तर नख काळंनिळं होतं. म्हणून मित्रानं दुकानात स्टुलाला तिरकी फळी लावून गड उतरायला सुरुवात केली.

"काका, कुठला गड?" दुकानदारानं विचारलं.

"अजून ठरायचंय. मोजे यातच धरलेत ना?"