आधी बॅकअप

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लावला. त्या बदल्यात रोज पाऊण तास जादा बसायचं ठरलं. बसण्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. शनिवार मात्र मोकळा झाला. शेवगावातल्या कुणी तो शेताला दिला, कुणी मोहटादेवीला जाऊन आलं, कुणी पैठणला नाथांच्या दर्शनाला. आमच्या आळीतल्या भाऊसाहेबांनी तो कॉम्प्युटरला दिला. पद लिपिकाचं आणि ओढ इंजिनिअरची, असा एक भाऊसाहेब हल्ली प्रत्येक आळीत असतो.

शनिवारी चहा झाला की बनियनवरच ते सीपीयूचं झाकण उघडतात. कानावर टेस्टर. आतून रॅमची पट्टी काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर फिरवायचं, हा पहिला विधी. एकाच दिशेने, हलक्या हाताने, मग फुंकर. मशीन पुन्हा सुरू होताना जी एक शिट्टी येते, ती ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पगारवाढीच्या दिवशीही दिसत नाही. कपाशीच्या हंगामात धूळ फार साचते, तेव्हा सीपीयू स्कूटरवर पायांशी घेऊन ते पंक्चरवाल्याकडे हवा मारायला जातात. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, म्हणून आधी ती दोन मिनिटं रस्त्यावर सोडायला लावतात. पंक्चरवाला आता विचारत नाही.

मध्यंतरी मदरबोर्डवरचा बटणसेल संपला. तो संपला की मशीन तारीख विसरतं. भाऊसाहेबांचं मशीन २००९ सालात गेलं आणि नवा सेल आणेपर्यंत तिथेच राहिलं. बँकेची साइट उघडेना, कारण तिच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं ब्राउझरचं म्हणणं. त्या काळात जतन केलेल्या फायलींनी असा घोळ घातला, की तारखेप्रमाणे लावल्या तर नातवाचं बारसं मुलाच्या लग्नाच्या दहा वर्षं आधी उरकलेलं दिसतं. वहिनी हे पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात.

दुपारच्या झोपेनंतर खरी आवराआवर. इथे भाऊसाहेबांचं एक तत्त्व आहे: आधी बॅकअप, मग डिलीट. पहिला भाग ते कसोशीने पाळतात. दुसऱ्याची वेळ आली की प्रत्येक फाइल उघडून बघावी लागते, आणि उघडलेली फाइल पुसायला मन धजत नाही. जमिनीच्या फोल्डरमध्येच बघा: ‘सातबारा बापूंचा’, ‘सातबारा बापूंचा वाचता येणारा’, ‘सातबारा वाटपानंतरचा’, ‘सातबारा वाटपानंतरचा भांडणाआधीचा’. यातलं काय पुसणार? सही केलेला सातबारा आता हवा तेव्हा ऑनलाइन निघतो, असं मी एकदा म्हणून बघितलं. “तो आजचा निघतो,” भाऊसाहेब म्हणाले. “भांडणाआधीचा कुठून काढशील?”

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा त्यांनी पुढच्याच रविवारी ‘अहमदनगर’ फोल्डरचं नाव शासकीय तत्परतेने बदललं. आत मात्र ‘नगरचे डॉक्टर’, ‘नगरला जाताना गाडी बंद’ हे जसंच्या तसं आहे. फोल्डर कागदोपत्री चालतो, माणूस बोलण्यावर चालतो.

आणखी एक कप्पा युनिकोडच्या आधीचा. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, संस्थेच्या सभेची इतिवृत्तं. तो फॉन्ट आता मशीनवर नाही, त्यामुळे ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची रांग उमटते. लग्न कुणाचं होतं ते आता त्या पत्रिकेलाही सांगता येत नाही. पण फॉन्ट कधीतरी मिळेल, म्हणून त्या फायली तशाच.

फोनचं आणखी अवघड. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोसुद्धा फुकटच्या १५ जीबीत मोजायला घेतले, आणि भाऊसाहेबांचे ते १५ जीबी शुभ सकाळनेच भरत आले. सूर्य, गुलाब, वाफाळता चहा, खाली विचार. ते एकेक उघडून वाचतात, “हे चांगलंय” म्हणत दोन-चार ग्रुपवर पुढे पाठवतात, पण पुसत एकही नाहीत. संध्याकाळपर्यंत जागा सकाळपेक्षा कमी.

वहिनींचा आक्षेप मात्र कॉम्प्युटरला नाही, पलंगाखालच्या खोक्याला आहे. त्यात नोकियाचा बारीक पिनेचा चार्जर, प्रिंटर जाऊनही राहिलेली प्रिंटरची केबल, मॉनिटरच्या निळ्या टोकाच्या वायरी, एकमेकींत गुंतलेल्या. भंगारवाल्याची हाक आली की वहिनी नुसत्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. भाऊसाहेब खोकं पायाने आत सरकवतात.

त्यांच्या या स्वभावाला आळीत सगळे हसतात, पण कुणाचंही काही हरवलं की पाय त्यांच्याच दाराकडे वळतात. मागच्या थंडीत एका रविवारी शेजारचा मुलगा आला. वडील गेलेले, दशक्रियेचा फ्लेक्स करायचा होता. “काका, आमच्या नानांचा एखादा फोटो असंल का? माझा मोबाइल फॉरमॅट झाला, अन् फ्लेक्सवाला म्हणतो आधारकार्डावरचा चालत न्हाई.” भाऊसाहेबांनी ‘इतर’ उघडलं, त्यातलं ‘इतर जुनं’, त्यातलं ‘न्यू फोल्डर (७)’. नाना सापडले. कुणाच्या तरी लग्नातले, डोक्याला फेटा, गाल जिलेबीने फुगलेला, नजर थेट कॅमेऱ्यात. फ्लेक्सवाल्याने हातातली उरलेली जिलेबी काढून टाकली. गालाला त्याने हात लावला नाही. त्यामुळे चौकातल्या फ्लेक्सवर नाना भावपूर्ण श्रद्धांजलीच्या मानाने बरेच खुशीत दिसत होते. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, “अगदी असेच होते.”

त्या दिवसापासून काही पुसा म्हणायची कुणाची छाती नाही.

रविवारी रात्री बॅकअपची शेवटची फेरी. पडद्यावर आधी चार मिनिटं उरलेली असतात, मग तीन तास, मग पुन्हा अकरा मिनिटं. भाऊसाहेब त्या आकड्यांशी मनापासून हुज्जत घालतात. परवा ती फेरी ‘डिस्क भरली’ म्हणून अर्ध्यात थांबली. त्यांनी लगेच पुण्याला मुलाला फोन लावला.

“येताना दोन टीबीची हार्डडिस्क घेऊन ये.”

“पप्पा, आहे तीच रिकामी करा ना.”

“अरे, ती रिकामी करायलाच तर पाहिजे!”