माह्याकडं त चालते!

परतवाड्यातल्या अडत्याने संत्र्याच्या आवकेसाठी ड्रुपलवर खास मॉड्यूल बनवून घेतलं, की मुनीमजींच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी 'ॲक्सेस डिनाइड'. बनवणारा म्हणतो, "माह्याकडं त बराबर चालून राह्यलं ना भाऊ!" चालणारच. ड्रुपलमधलं पहिलं खातं, युजर क्रमांक १, मुळातच परवानगी न विचारता सगळीकडे घुसतं; आणि साहेबांची चाचणी त्याच खात्यातून. परवानग्यांच्या पानावर मुनीमाच्या रोलखाली एक टिक हवी होती. ती कोण शोधणार? त्यापेक्षा मुनीम ॲडमिन, हमाल ॲडमिन, चहावाला पोट्टाही ॲडमिन. परवा कुणीतरी अख्ख्या हंगामाचे भावच उडवले. कोणी, ते लॉगमध्ये होतं. लॉग पुसायची परवानगीही सगळ्यांनाच होती.