पंगतीत एक उभा

मराठी माणूस इंग्रजीतल्या स्पेलिंगला भितो, उच्चारांना त्याहून जास्त भितो आणि व्याकरण म्हणजे काळ बरोबर आला की संपलं, अशी स्वतःची समजूत घालतो. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘रिसीव्ह’मधला ‘आय’ आधी की ‘ई’ आधी, हे तीन-तीनदा तपासून घेतलं जातं आणि त्याच कागदाच्या तळाशी एक वाक्य सुखाने नांदत असतं: ‘माय हॉबीज आर रीडिंग, टू लिसन म्युझिक अँड क्रिकेट.’

पहिला छंद ‘इंग’ लावून आला. दुसरा ‘टू’चं बोट धरून आला (‘लिसन’च्या नंतर जो ‘टू’ हवा होता, तो बहुधा आधीच खर्ची पडला). तिसरा नुसताच आला, क्रिकेट. उमेदवार ते खेळतो, बघतो की त्यावर पैसे लावतो, हे मुलाखतीत विचारून घ्यायचं.

याला इंग्रजीत पॅरलल स्ट्रक्चर बिघडणं म्हणतात. नियम फार मोठा नाही. ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ यांनी जोडलेली मंडळी एकाच रूपात हवीत. एक ‘इंग’वाला असेल तर सगळे ‘इंग’वाले; एक नाम असेल तर सगळी नामं. पंगतीला मांडी घालून बसायचं ठरलं की सगळ्यांनीच बसायचं. एक पाटावर, एक खुर्चीत आणि एक ताट हातात घेऊन दाराशी उभा, हे चालत नाही.

चालत नाही असं आपलं मी म्हणतो. प्रत्यक्षात सर्रास चालतं. सोसायटीच्या फळ्यावर सूचना असते: ‘रेसिडेंट्स आर रिक्वेस्टेड टू पार्क प्रॉपर्ली, नॉट वेस्टिंग वॉटर अँड गार्बेज सेग्रिगेशन.’ म्हणजे रहिवाशांना गाडी नीट लावायची विनंती आहे, ते पाणी वाया घालवत नाहीत अशी बातमी आहे आणि कचऱ्याचं वर्गीकरण हे कशाचं काय आहे ते सेक्रेटरींनाच ठाऊक. नोकरीच्या जाहिरातीत तर मौजच असते: ‘द कँडिडेट शुड बी हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड नोज एक्सेल.’ ‘शुड बी’ला जोडून वाचा, ‘शुड बी नोज एक्सेल’ होतं. उमेदवार नाक झाला पाहिजे, अशी अट असावी. इथे खरं तर दोन पंगती आहेत आणि दोन वेगळ्याच मांडायला हव्यात: ‘शुड बी हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल, अँड शुड नो एक्सेल.’ जाहिरात लिहिणारे हेच साहेब पुढे अर्जातल्या स्पेलिंगवरून पोरांना घरी पाठवतात.

मातृभाषेत असं होत नाही, ही यातली खरी गंमत. ‘मला वाचायला, पोहणं आणि क्रिकेट आवडतं’ असं चौथीतला मुलगासुद्धा म्हणणार नाही. वाचायला म्हटलं की त्याच्या तोंडून आपोआप पोहायला आणि खेळायला येतं. कोणी शिकवलेलं नसतं, कान शिकवतो. इंग्रजी आपण कानाने शिकलोच नाही. गाळलेल्या जागा भरून शिकलो. एका वेळी एक जागा, एक शब्द, अर्धा गुण. आणि या चुकीची अडचण अशी की ती कुठल्याच एका जागेत सापडत नाही. ‘रीडिंग’ बरोबर आहे, ‘क्रिकेट’ही बरोबर आहे, ‘टू लिसन’लाही सुटं पाहिलं तर नाव ठेवायला जागा नाही. चूक शब्दांच्या मधे आहे. स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्राची लाल रेघ मधे कुठे ओढणार?

एवढ्याशा ‘इंग’ने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या मेन राज्याची हकिगत सांगतो. तिथे पोर्टलंड गावात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या मालाची पोचवापोचवी करणाऱ्या काही ड्रायव्हरांनी २०१४ साली ओव्हरटाइमच्या थकबाकीसाठी दावा लावला. राज्याचा कायदा असा, की आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम केलं तर दीडपट मजुरी. पण काही कामांना सूट. नासणारं अन्न, मांस-मासळी आणि शेतमाल यांच्या बाबतीत सूट मिळालेल्या कामांची यादी कायद्यात अशी होती: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन.

आता शेवटाकडे बघा. ड्रायव्हर माल पॅक करत नाहीत, तो वाटतात. ‘डिस्ट्रिब्युशन’ हे यादीतलं स्वतंत्र काम धरलं, तर त्यांना ओव्हरटाइम नाही. ‘पॅकिंग’ हेच शेवटचं काम धरलं, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्युशनसाठी, तर ड्रायव्हर यादीबाहेर आणि दीडपट मजुरीला पात्र. खालच्या कोर्टाने कंपनीचं ऐकलं. ड्रायव्हर अपिलात गेले. १३ मार्च २०१७ रोजी फर्स्ट सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी निकालपत्राच्या पहिल्याच ओळीत हा खटला एका स्वल्पविरामाच्या अभावी उभा राहिल्याचं लिहून टाकलं.

झालं! जगभरच्या वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. लाखो डॉलरांचा स्वल्पविराम. ‘शिपमेंट’नंतर, ‘ऑर’च्या आधी, तो एक शेपटीवाला ठिपका असता तर कंपनी सुटली असती, हे खरंच आहे. पण ड्रायव्हरांच्या वकिलांनी टाकलेला दुसरा डाव बातम्यांच्या गर्दीत मागे पडला, आणि मला विचाराल तर तोच जास्त देखणा होता. त्यांचं म्हणणं असं: यादीतली आठही कामं मोजा. कॅनिंगपासून पॅकिंगपर्यंत एकूण एक ‘इंग’ लावून बसलंय. मग नववं काम एकटं ‘डिस्ट्रिब्युशन’ का असेल? ते काम असतं तर विधिमंडळाने ‘डिस्ट्रिब्युटिंग’ लिहिलं असतं. ते ‘शिपमेंट’सारखं दिसतं, कारण ते ‘शिपमेंट’चं भावंड आहे, दोघंही ‘फॉर’च्या मागे उभी आहेत आणि दोघंही पॅकिंगची गिऱ्हाइकं आहेत.

कंपनीही गप्प बसली नाही. पॅकिंग हेच शेवटचं काम असेल तर त्याच्या आधी ‘ऑर’ कुठाय, असा तिचा उलट सवाल. यादी संपताना इंग्रजी माणूस ‘अँड’ नाहीतर ‘ऑर’ घालतोच. शिवाय मेनचे कायदे कसे लिहावेत याची सरकारी पुस्तिकाच आहे आणि तिच्यात शेवटच्या नावाआधी स्वल्पविराम घालू नका असं बजावलेलं आहे. मग त्याच्या नसण्यावरून आम्हाला दोषी कसं धरता? हा मुद्दाही काही लेचापेचा नव्हता. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून कबूल केलं की वाक्य दोन्हीकडे वळतं. आणि वाक्य संदिग्ध असेल तर मेनमध्ये मजुरीचा कायदा कामगाराच्या बाजूने वाचायचा, असा तिथला दंडक आहे. तेवढ्यावर ड्रायव्हर जिंकले. २०१८ च्या फेब्रुवारीत ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

विधिमंडळाने मग कायदा दुरुस्त केला, आणि ती दुरुस्ती मोठी बोलकी आहे. नुसता एक स्वल्पविराम टाकून त्यांनी हात झटकले नाहीत. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले आणि शेवटी ‘डिस्ट्रिब्युशन’ला उठवून तिथे ‘डिस्ट्रिब्युटिंग’ला बसवण्यात आलं. बातमीदारांना जे दिसलं नव्हतं, ते मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला बरोबर दिसलं.

जाता जाता. इंग्रजी लेखनाचं जे छोटं पुस्तक अमेरिकेत बायबलसारखं वाटलं जातं, ते कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलं. त्यांचाच विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी ते १९५९ मध्ये वाढवून पुन्हा काढलं. यादीतल्या शेवटच्या नावाआधी स्वल्पविराम द्या, हा नियम त्यात आहे. समान दर्जाच्या गोष्टी समान रूपात मांडा, हाही आहे. आणि हे व्हाइटसाहेब राहायला कुठे होते? मेनमध्ये. १९८५ साली वारले तेही तिथेच. गावात वैद्य आणि गावकरी आजारी, हा प्रकार फक्त आपल्याकडेच असतो असं नाही.

चांगला मसुदा कसा असतो हे बघायला मात्र इतकं लांब जायला नको. आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका काढा. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’, इथे ‘ऑफ’ एकदाच, पाचांना मिळून एक. लगेच पुढे ‘इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’, इथे दोघांना दोन वेगळे ‘ऑफ’. हा निष्काळजीपणा नव्हे. एक तर सगळ्यांना मिळून एकदाच द्या, नाहीतर प्रत्येकाला स्वतंत्र द्या; दोघांना देऊन तिसऱ्याला उपाशी ठेवू नका, एवढीच अट असते आणि ती दोन्हीकडे पाळलेली आहे. मला तर तो दुसरा ‘ऑफ’ मुद्दाम घातल्यासारखा वाटतो: दर्जाची समानता दिली म्हणजे संधीची आपोआप दिली असं कोणी समजू नये. मराठी उद्देशिकेनेही ‘दर्जाची व संधीची’ असं दोनदाच म्हटलंय.

त्याहून बारीक कारागिरी पुढे आहे. शाळेत आपण न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता अशी चौघांची माळ घोकतो. उद्देशिकेत ते चौघं एका रांगेत नाहीतच. पहिले तीन ‘टू सिक्युअर’च्या खाली आहेत. बंधुतेसाठी वेगळं क्रियापद काढलंय, ‘टू प्रमोट’. बंधुतेचा उल्लेख नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता, तो डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घातला. आणि घालताना तो आयत्या यादीच्या शेपटाला लोंबकळत सोडला नाही. न्याय कायद्याने मिळवून देता येतो. शेजाऱ्याबद्दलची आपुलकी कुठल्या कलमाने मिळवून देणार? ती वाढवता येते फार तर. जे एका जातीचं नाही ते एका पंगतीत कोंबायचं नाही, हा या नियमाचा दुसरा अर्धा भाग. आपल्याकडच्या इंग्रजीच्या वर्गांत पहिलाच अर्धा धड पोचत नाही, तर दुसऱ्याचं काय घेऊन बसलात.

‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ या जोडगोळीचंही तेच. ‘शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो फिजिक्स’ हे वाक्य निम्म्या शिक्षकांच्या शिफारसपत्रात असतं. ‘नॉट ओन्ली’ क्रियापदाच्या आधी बसलं तर ‘बट ऑल्सो’च्या पुढेही क्रियापद हवं. नाहीतर ‘टीचेस’ आधी घ्या आणि दोन विषयांच्या दोन बाजूंना हे दोघे बसवा. तुलनेतही हाच घोटाळा. ‘द ट्रॅफिक इन पुणे इज वर्स दॅन मुंबई’ म्हणजे पुण्याच्या वाहतुकीची तुलना थेट मुंबई शहराशी. पुणेकरांना हे वाक्य तरीही खरं वाटेल, हा भाग वेगळा.

उलट टोकाची माणसंही आहेत. त्यांना ही विद्या साधलेली असते आणि दुसरं काहीच साधलेलं नसतं. कुठल्याही कंपनीच्या स्वागतकक्षातली पाटी वाचा: ‘टू इन्स्पायर, टू इनोव्हेट अँड टू इम्पॅक्ट.’ तीन ‘टू’, तीन ‘इ’, सगळे ताठ बसलेले. पानात मात्र काही वाढलेलं नाही. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या पत्रांचा तर हाच छाप. तीन विशेषणं, तीन क्रियापदं, तीन आश्वासनं. इतकं एकसारखं की कोणी मनापासून चिडून दोन ओळी वाकड्या लिहिल्या असत्या तर बरं, असं वाटतं.

या सगळ्यात एक परीक्षा आपल्या पोरांना निदान हे घोकायला तरी लावत होती. परदेशी एमबीएसाठीच्या जीमॅटमध्ये वाक्य दुरुस्त करण्याचे प्रश्न असत आणि त्यांत पॅरलल स्ट्रक्चर हे नेहमीचं गिऱ्हाईक. २०२३ च्या अखेरीस परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि तो प्रश्नप्रकारच गेला. क्लासवाल्यांनी ‘आता व्याकरण नको’ म्हणून त्याची जाहिरात केली नसेल तरच नवल.

परीक्षेने सोडलं तरी करारनामे सोडत नाहीत. तेव्हा घरभाड्याच्या, नोकरीच्या किंवा विम्याच्या कागदावर सही करण्याआधी एवढं करा: ‘ऑर’ किंवा ‘अँड’ दिसला की थांबा, त्याच्या पुढचा शब्द एकटा उचला आणि यादीच्या सुरुवातीला जोडून मोठ्याने वाचा. जोडला जात नसेल तर तो नक्की कुठल्या रांगेतला आहे ते वकिलाला विचारा. तो चिडला तरी विचारा.