बंद सरकारचा, भाडं कुणाचं?

१२ एप्रिल २०२१ ला रात्री नऊ वाजता भोपाळात कोरोना कर्फ्यू लागला. दुसऱ्या दिवशी पाडवा. अयोध्या नगरातल्या मराठी घरांनी गुढी उभारून दार लावून घेतलं, आणि बाजारातली शटरं उतरली ती उतरलीच. आठवड्यापुरता म्हणून लागलेला कर्फ्यू वाढत वाढत मेअखेरपर्यंत गेला.

तो बंद चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या एप्रिलात भदभदा विश्रामघाटावर चितांना जागा पुरत नव्हती, माणसं घरात थांबणं भागच होतं. माझं भांडण बंदशी नाही, त्याच्या बिलाशी आहे. आदेशावर सही कलेक्टरची, आणि बिल भरलं सलूनवाल्यानं.

सलूनवालाच का? कारण तो कशातच बसत नाही. भाड्याचा गाळा, दोन खुर्च्या, एक कारागीर, रोजची कमाई. दूध, किराणा, औषधं यांना सूट होती, कात्रीला नव्हती. आता २०२० च्या टाळेबंदीपासून त्याला मदत कुठली मिळायची ते बघा. पीएम स्वनिधी? ती फेरीवाल्यांसाठी, याचा तर गाळा आहे. छोट्या उद्योगांसाठी जाहीर झालेली तीन लाख कोटींची सरकारी हमीची कर्जयोजना? ती, ज्याच्या नावावर २९ फेब्रुवारी २०२० ला आधीच कर्ज होतं त्याला. ज्यानं कधी बँकेपुढे हात पसरला नाही, तो तिथेच बाद. हप्ते पुढे ढकलायची सवलत? हप्ताच नाही. बायकोचं जनधन खातं असेल तर महिना पाचशे, तेही २०२० मधले तीन महिने. रेशनवरचं धान्य मात्र कार्डवाल्यांना मिळालं, आणि त्यावर कितीतरी चुली पेटत्या राहिल्या. पण भाडं गव्हात देता येत नाही.

ज्यांच्या पदरात काही पडलं, त्यांच्या पदरात तरी काय पडलं? स्वनिधीतून दहा हजार मिळाले, तारणाशिवाय, व्याजात सात टक्के सवलत. योजना म्हणून चांगलीच. पण ते कर्ज आहे, वर्षभरात फेडायचं. फेरीवाल्याची गाडी सरकारनं थांबवली, आणि थांबलेल्या दिवसांसाठी त्यालाच कर्जदार केलं. याला मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हप्त्यांचा हिशेब तर कागदावर मांडूनच बघावा. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलू दिले. व्याज चालूच राहिलं, आणि त्या व्याजावर व्याज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा केंद्रानं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत द्यायचं ठरवलं. पाच लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी धरा. सहा महिन्यांचं सरळ व्याज तीस हजार. परत आलेला फरक सुमारे ७६० रुपये. दुकान बंद, आणि तीस हजार मालकाच्याच डोक्यावर.

सरकारनं उदारपणा दाखवला तो दुसऱ्याच्या खिशातून. २९ मार्च २०२० चा केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश आठवा. कारखाना बंद असला तरी मालकानं कामगाराला पूर्ण पगार द्यावा, घरमालकानं मजुराकडे महिनाभर भाडं मागू नये. कामगाराचं पोट भरलं पाहिजे, यात वाद नाही. पण अयोध्या बायपासपासून जवळच गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे, तिथे भेल कारखान्यासाठी सुटे भाग करणारे लहान लहान वर्कशॉपवाले आहेत. माल जात नाही, बिलं अडकलेली, त्यांनी पगार आणायचा कुठून? त्या आदेशात सरकारचा स्वतःचा एक रुपया नव्हता. १८ मेपासून तो मागेही घेतला गेला.

त्याच पाडव्याला, १३ एप्रिल २०२१ ला, मुंबईत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध आणि ५,४७६ कोटींची मदत एकाच भाषणात जाहीर केली. परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले आणि बांधकाम मजुरांना दीड-दीड हजार. रक्कम तुटपुंजी आणि पुन्हा नोंदणीची अट, हे खरं. तरी बंद आणि पैसा एकाच तोंडून निघाला, याचं मोल मी मानतो. ब्रिटननं तर घरी बसवलेल्या नोकरदारांच्या पगाराचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भार उचलला आणि स्वतंत्र धंदेवाल्यांना वेगळं अनुदान दिलं. तो देश श्रीमंत आहे. पण नुकसान कुणी सोसायचं हे आधी ठरवायला श्रीमंती लागत नाही.

मदत द्यायला यादी नव्हती, ही सबब ऐकून कान किटले. दंडाची पावती फाडायला दुकान बरोबर सापडतं. गाळ्यागाळ्यावर व्यावसायिक विजेचा मीटर आहे, त्याचं बिल दर महिन्याला नेमक्या पत्त्यावर पोचतं. फेरीवाल्यांची यादी स्वनिधीमुळे तयार झाली आहे.

मधल्या काळात कायदा बदलला. असे बंदीचे आदेश ज्याखाली निघत, त्या कलम १४४ ची जागा जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ नं घेतली, आदेश मोडला तर शिक्षा पूर्वीपेक्षा वाढली आहे. ज्याचा धंदा आदेशानं थांबतो, त्याला रोजचे किती आणि कोण देणार, याबद्दल तिथे एक ओळ नाही. ती ओळ आता घाला, साथ नसताना, डोकी थंड असताना: ज्या तारखेपासून शटर खाली, त्याच तारखेपासून गाळ्याचं भाडं आणि कारागिराची किमान मजुरी सरकारी तिजोरीतून, मीटरच्या नोंदीवरून थेट खात्यात. अर्ज नको, कर्ज नको. पुढच्या वेळी आमदार मतं मागायला अयोध्या नगरात येतील, तेव्हा दुकानदारांनी आधी हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.