अक्षराला लाख, कार्ट्रिजला भोक

कागदावर उमटलेले एक अक्षर किती रुपयांना पडते, हा प्रश्न धारला नवा नाही. अकराव्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या भोजराजाने मनाजोगत्या श्लोकाला अक्षरामागे लाख मोजल्याच्या कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त जागोजागी सापडतात. बल्लाळ राजानंतर काही शतकांनी झाला, त्यामुळे आकडा फुगलेला असणार. इंकजेट प्रिंटरची नवी कार्ट्रिज घेऊन दुकानाची पायरी उतरणाऱ्या माणसाला मात्र तो तसा वाटत नाही. इंदूर ओलांडून पलीकडे गेले की देवास लागते. तिथे १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. एका गावाने अक्षराला लाख द्यावेत आणि दुसऱ्याने ते छापावेत, अशी व्यवस्था माळव्यात तयार आहे. मधल्या नऊशे वर्षांचाच काय तो घोटाळा.

या दोन गावांत घरगुती प्रिंटर घेणाऱ्याचा हेतू साधा असतो: मुलांचे प्रकल्प, वीजबिल, आधारची प्रत, गणपतीच्या आरतीचा कागद आणि सत्यनारायणाची आमंत्रणे. यंत्र स्वस्त मिळते. महागाई शाईची असते, आणि ती दीडशे-दोनशे पानांनी कळते. म्हणून प्रिंटर बघायला गेल्यावर प्रिंटर बघू नये, कार्ट्रिज बघावी. स्थळ बघताना मुलाच्या पगाराआधी त्याच्या आईचा स्वभाव विचारून घेतात, तोच न्याय. कार्ट्रिजला कोशातला मराठी शब्द ‘काडतूस’; तो पोर्तुगिजांकडून आला आणि बंदुकीकडेच राहिला. देवासच्या नोट प्रेसच्या आसपास ‘दोन काडतुसे भरून द्या’ असे मोठ्याने म्हणणे श्रेयस्कर नाही, म्हणून पुढे ‘कार्ट्रिज’च.

इंकजेटच्या जाती दोन. पहिलीत शाई तापवतात. केसाहून बारीक छिद्रामागे एक इवलासा तापक असतो. तो क्षणात सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा फुटतो आणि पुढचा थेंब कागदावर जाऊन बसतो. १९७७ मध्ये कॅननच्या एका संशोधकाच्या हातून तापलेला सोल्डरिंग आयर्न शाईच्या सुईला लागला, सुईतून शाई उडाली, आणि हे तत्त्व सापडले. एचपीच्या माणसाला तीच गोष्ट कॉफीच्या उकळत्या भांड्याकडे पाहून सुचली असे सांगतात. त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. घरोघरी उतू जाणाऱ्या दुधाने मात्र आजवर कुणाला काही सुचवलेले नाही. दुसऱ्या जातीत उष्णता नसते. विजेने आकार बदलणारा स्फटिक शाईला ढकलतो. एपसनने १९९३ पासून हीच वाट धरली.

निवड करणाऱ्याला यातले भौतिकशास्त्र विसरले तरी चालेल, एक गोष्ट विसरून चालणार नाही: शाई फवारणारे डोके कुठे बसवले आहे. एचपी आणि कॅननच्या बहुतेक स्वस्त प्रिंटरांत ते कार्ट्रिजलाच जोडलेले असते. एचपीची ८०३ किंवा कॅननची ७४५ ही त्या वळणाची. कार्ट्रिज महाग पडते ती यामुळे, कारण शाई संपली म्हणून आपण धडधाकट डोकेही फेकून देतो. केस वाढले म्हणून मान उतरवण्यातला हा प्रकार. पण संपत आलेली कार्ट्रिज सुईने पुन्हा भरणाऱ्याला, म्हणजे रिफिल करणाऱ्याला, हीच रचना वरदान आहे. चार-सहा वेळा भरल्यावर डोके बिघडले, तर नवी कार्ट्रिज आणली की डोकेही नवे. दुसऱ्या रचनेत डोके यंत्रात कायमचे असते आणि कार्ट्रिज म्हणजे नुसती डबी. डबी भरणे सोपे. मात्र हलक्या शाईने डोके एकदा तुंबले की दुरुस्ती यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते. नवशिक्याने पहिली रचना घ्यावी. चुकला तर कार्ट्रिजपुरता चुकतो.

मग रंगांची वाटणी. स्वस्त यंत्रात कार्ट्रिज दोन: एक काळी, एक तिरंगी. ही व्यवस्था देवासकरांना समजावून सांगावी लागत नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून त्या एका गावात दोन संस्थाने झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन खजिने, आणि हद्द गावातून गेलेली. १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन होईपर्यंत हे चालले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता आणि त्याने त्या दिवसांवर पुढे एक पुस्तकही लिहिले. प्रिंटरमध्येही काळी ती थोरली पाती, तिरंगी ती धाकटी. खोली एक, कारभार वेगळा. फरक इतकाच की प्रिंटरमध्ये एकीचा खजिना रिकामा झाला की दुसरीही हात वर करते. काळी शाई काठोकाठ असताना पिवळी संपली म्हणून वीजबिल छापायला नकार मिळतो. घेण्यापूर्वी दुकानात हे विचारून घ्यावे. काही यंत्रांत रिकामी कार्ट्रिज काढून ठेवली की उरलेली एकटी कारभार पाहते. धाकटी पाती तीन रंग मिसळून काळ्याचे सोंगही आणते. ते सोंग हिरवटसर दिसते. आरतीच्या कागदाला चालते. कोर्टाच्या कागदाला चालवून पाहू नये.

तिरंगी कार्ट्रिजचा आणखी एक गुण: पिवळा, किरमिजी आणि निळा एकाच डबीत शेजारी राहतात. घरात गणपती आणि लग्ने जास्त असतील तर पिवळा आणि किरमिजी आधी संपतात आणि निळा तसाच उरतो. रिफिल न करणारा तो निळा कचऱ्यात टाकतो. वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या डब्यांचे यंत्र इथे शहाणे ठरते, पण त्यातल्या डब्यांना बहुधा चिप असते, आणि चिपचे प्रकरण पुढे आहे.

भोक पाहणे हा निवडीचा गाभा. बरेच रिफिलवाले काळ्या कार्ट्रिजवरचे लेबल सोलतात. खाली हवेसाठी केलेले बारीक भोक असते, त्यातूनच सुई आत जाते. तिरंगीत अशी भोके तीन. ती सुईला पुरण्याइतकी मोठी असतील तर कार्ट्रिज सोज्वळ समजावी. नसतील तर झाकणाला भोक पाडावे लागते, आणि ते काम गिरमिटापेक्षा हिमतीने होते. आत स्पंज असतो. स्पंज म्हणजे घरातला जुना नोकर. जेवढे सोसेल तेवढेच उचलतो, त्याला घाई केली की सगळे जमिनीवर सांडतो. पारदर्शक डबी असेल तर शाईची पातळी डोळ्यांना दिसते; काळ्या डबीत ती वजनावरून आणि अंतर्ज्ञानाने ओळखतात. दुकानदाराला ‘ही रिफिल होते का?’ असे विचारले, तर माळव्यात उत्तर एकच येते: ‘हो जाएगा, भिया.’ हे उत्तर नव्हे, अगत्य आहे. ‘करून दाखवा’ म्हणावे. दुकानातल्या माणसाची बोटे निळसर-किरमिजी असतील तर त्याचे ऐकावे; स्वच्छ बोटांच्या माणसाचा सल्ला घेऊ नये.

आता शाई. या विषयात देवासचा अधिकार मोठा. नोट प्रेसच्या आवारात शाईचा स्वतंत्र कारखाना आहे आणि नोटांसाठी लागणारी सुरक्षा-शाई तिथे बनते. ती लोण्यासारखी घट्ट असते. कोरलेल्या पत्र्यातून प्रचंड दाबाने कागदावर जाते आणि बोटाला उठून लागते. तिच्याभोवती बंदूकधारी पहारा असतो. प्रिंटरची शाई याच्या उलट, पाण्यासारखी पातळ. तिच्याभोवती पहारा नसतो, पण कार्ट्रिजमधल्या चार-पाच मिलिलिटरचा भाव पाहिला की तो असायला हवा होता असे वाटते.

धार जिल्ह्याची शाई निराळी. बागचे खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात: हिराकसापासून काळा, तुरटीपासून लाल, घट्टपणाला चिंचोक्यांची खळ, शिवाय हिरडा आणि उकळताना धावडीची फुले. मग वाहत्या पाण्यात धुलाई. बागच्या छापाला कधीही ‘कार्ट्रिज रिकामी’ असा संदेश आलेला नाही. यावरून एखाद्या कल्पक गृहस्थाने हिराकसाचे पाणी सुईत भरू नये. फाउंटन पेनची शाई भरण्याचा मोहही दर पिढीत कुणाला तरी होतो. ती छिद्रांत सुकते आणि प्रयोग संपतो. प्रिंटरच्या शाईतही दोन कुळे. रंगीत शाई बहुधा विरघळलेल्या रंगाची असते. ओल्या बोटाने पसरते, उन्हात उडते. काळी अनेकदा बारीक कणांची असते आणि पाण्याला जरा दाद देत नाही. आपल्या कार्ट्रिजला जे कूळ, तेच भरावे. मिश्रविवाह इथे टिकत नाहीत.

भरण्याची कृती थोडक्यात: वर्तमानपत्र दुमडून चार पदरी, त्यावर कार्ट्रिज, तोंड खाली. तिरंगीतल्या कोणत्या भोकात कोणता रंग ते काडी बुडवून पाहावे; आंतरजालावरची चित्रे एकमेकांशी भांडतात, काडी खोटे बोलत नाही. सुई सावकाश, थेंब थेंब. भोकातून शाई वर डोकावली की थांबून थोडी मागे ओढावी. तोंड मऊ कागदावर टेकवावे. तीन रंगांचे तीन पट्टे उमटले तर काम जमले. एकच चॉकलेटी डाग उमटला तर रंग आतल्या आत एकमेकांना भेटले आहेत. या सगळ्यात एक नियम वडीलधारा: पूर्ण रिकामी होण्याआधी भरावी. तापकाच्या जातीत शाईच छिद्राला गार ठेवते. कोरडी चालवली तर तापक जळतो आणि मग भरून उपयोग नाही. बोटांवरचा रंग दोन-तीन दिवस राहतो. निवडणुकीच्या दिवसांत हे काम टाळावे. मतदाराच्या बोटाला लागणाऱ्या म्हैसूरच्या शाईचा मान वेगळा.

भरलेली कार्ट्रिज बसवली की संगणक सांगतो, शाई संपली आहे. तो शाई बघत नाही, छापलेल्या थेंबांची वही ठेवतो; वहीत जमा धरण्याची सोय नाही, फक्त खर्च. ‘ठीक आहे’ दाबून पुढे जाता येणारे यंत्र घ्यावे. कॅननच्या बऱ्याच प्रिंटरांत थांबवण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले की वही बंद होते. सुट्या डब्यांच्या यंत्रात हीच वही चिपमध्ये असते. तिथे आपोआप शून्यावर येणारी चिप मिळते का हे आधी पाहावे. कंपन्यांनाही या विषयात रस आहे. २०१६ च्या सप्टेंबरात एचपीच्या काही प्रिंटरांनी परक्या चिपच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या, आणि ओरड झाल्यावर कंपनीला तो निर्बंध काढण्याची सोय द्यावी लागली. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात ठरवले की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर विकणाऱ्याचा पेटंटचा हक्क उरत नाही. तो खटला लेसरच्या टोनरचा होता. सुईवाल्यांनी तो आपलाच मानला.

हवामानाचा विचार निवडीत सहसा कुणी करत नाही, माळव्यात करावा. क्षयाने आजारी कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते कोरड्या हवेसाठी, आणि ती त्यांना मानवली. जी हवा फुप्फुसांना मानवते ती छिद्रांना मानवत नाही. वैशाखात दहा-पंधरा दिवस यंत्र बंद राहिले की शाई तोंडाशीच सुकते. आठवड्याला एक रंगीत पान छापावे. छापायला काही नसेल तर आमंत्रणे छापावीत, कार्यक्रम मागाहून ठरतो. तुंबलेले तोंड कोमट पाण्याने ओल्या केलेल्या कापडावर काही मिनिटे टेकवले की बहुधा उघडते. यंत्राची स्वतःची ‘सफाई’ही चालते, पण ती बरीच शाई पिऊन करते आणि यंत्राच्या पोटातल्या गादीवर सांडते. ती गादी भरली की काही यंत्रे संप करतात.

शेवटी टाकीवाल्या प्रिंटरांविषयी. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून मनसोक्त छापत होते. ते पाहून एपसनने २०१० मध्ये तिथेच स्वतः टाकीचा प्रिंटर काढला. सुईवाल्यांचा याहून मोठा सन्मान झालेला नाही. पुढे कॅनन आणि एचपीही त्याच वाटेने आल्या. एपसनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई येते आणि कंपनीच्या हिशेबाने तीत साडेचार हजार पाने निघतात. महिन्याला शंभराहून जास्त पाने लागणाऱ्याने सरळ टाकीच घ्यावी. यंत्र महाग पडते, पण ना भोक, ना सुई, ना काडी. त्याहून कमी छापणाऱ्याला जुनी दोन कार्ट्रिजची व्यवस्था अजून परवडते. तिला लागते एक सुई, चार छोट्या बाटल्या, वर्तमानपत्राचा अंक आणि घरातली अशी एक चादर, जिच्याबद्दल कुणी विचारणार नाही.