चिंध्यांचे दफ्तर

सुट्टीत मुलांच्या हाती काही विधायक द्यावे, हा विचार ज्या घरात एकदा शिरतो त्या घरातील पुरुषास पुढे चैन म्हणून पडत नाही. आणि आमच्या सौभाग्यवतींनी तर आळीतील समस्त बालवर्गासाठी बाहुलीचे कपडे शिवण्याच्या पुड्या, त्याही केवळ टाकाऊ कापडाच्या, सिद्ध करण्याचा संकल्प सोडल्यामुळे बिनपगारी कारकुनाच्या जागेवर माझी तत्काळ नेमणूक झाली.

पुडीतील जिन्नस वरकरणी क्षुल्लक होते: मोठ्या नेढ्याची बोथट सुई, दोऱ्याची गुंडी, एक टिचबटण, कागदावर कातरलेला बेत आणि कापड. कापड घरात मुबलक. परंतु चिंध्यांचे बोचके हा बेवारस माल असतो, ही समजूत त्याची गाठ सोडीपर्यंतच टिकते. प्रत्येक तुकड्यावर आईचा वहिवाटीचा हक्क निघाला. "हा तुझ्या मुंजीतल्या झब्ब्याचा, तो आत्याच्या शालूचा, आणि बाकीचं सगळं गोधडीला लागेल रे!" सदर गोधडी मला कळू लागल्यापासून विचाराधीन आहे.

निरुपायाने शिंप्याकडे अर्ज केला. त्याने मोठ्या औदार्याने गोणीच पुढे सरकवली आणि हळूच म्हणाला, "न्या साहेब, सगळी न्या, फक्त वहिनींसमोर उघडू नका." ती अर्थातच त्यांच्यासमोर उघडली गेली, आणि गेल्या दिवाळीत "बाहीला पुरलंच नाही" या सबबीवर ज्या पोलक्याच्या बाह्या आखूड झाल्या होत्या, त्याच्या गुळेदगुड्डी खणाचा काठासकट चांगला हातभर ऐवज वर आला. पंचनामा दीर्घकाळ चालला. मात्र बाहुलीस खणासारखे वस्त्र नाही, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. त्याची नक्षी इतकी बारीक की वीतभर देहावरही ती शोभते, उलट पैठणीच्या पदरावरचा एकच मोर बाहुलीचे सर्वांग व्यापून वर शेपूट बाहेर ठेवतो. खणाचे दोरे सुटतात, म्हणून पाव इंच माया सोडावी. आणि बाहुलीचे डोके गळ्याच्या मानाने अवाढव्य असल्याने पोलके पाठीवर उभे उघडे ठेवून टिचबटणाने मिटवावे.

इतपत कारभार सुरळीत चालला असता शेजारची चिमुरडी आपली बार्बी घेऊन रुजू झाली. १९५९ साली अमेरिकेत अवतरलेली ही साडेअकरा इंचांची ललना मनुष्यदेहाच्या सुमारे एकषष्ठांश मापाची, आणि सौभाग्यवतींना तिला नऊवारी नेसवण्याची अनावर इच्छा झाली. मी त्रैराशिक मांडले: नऊ वारांचा सहावा हिस्सा दीड वार, पन्ह्याचा साडेसात इंच. दीड वार सलग चिंधी उभ्या गोणीत नव्हती (तशी असती तर शिंप्यावर फौजदारीच करावी लागली असती), शिवाय लुगड्याला टाका एकही लागत नसल्याने शिवणाच्या पुडीत त्याचे प्रयोजन काय, हा मूलभूत आक्षेपही मी नोंदविला. तो दप्तरी दाखल झाला. अखेर आईच्या एका जुन्या इरकलीकडे सौभाग्यवतींची नजर वळली, आई ट्रंकेवर बसली, आणि वाटाघाटी ऐन रंगात आल्या असता बाहुलीच्या मालकिणीने तोंड उघडले.

"काकू, तिला लुगडं नको. ती बँकेत जाते. पँट शिवा, आणि तिला दोन खिसे हवेत."