एका कोंबडीची सर्दी आळीभर कशी पसरवावी

सुरुवात आठवडी बाजारापासून करावी. पंख ढिले सोडून, डोळे अर्धवट मिटून बसलेली, पडत्या भावात मिळणारी कोंबडी हेरावी. तिचा पंख उचलून बघावा. पिसांवर वाळलेल्या शेंबडाचे मातकट डाग दिसले (नाक वाहणारी कोंबडी तिथंच तोंड पुसते), तर घासाघीस न करता पैसे मोजावेत. माल अस्सल आहे.

घरी आणताच तिला जुन्या कोंबड्यांत सोडावं. नवा पक्षी महिनाभर लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेवा, असं डॉक्टर सांगतात. त्यांना पाहुणचार काय कळणार! पाण्याची परात सगळ्यांना मिळून एकच असावी. आजारी कोंबडी चोचीबरोबर नाकही बुडवते, पुढचं काम पाणी करतं. कोरायझा, म्हणजे जिवाणूंची सर्दी असेल तर एक ते तीन दिवसांत दुसरीचं तोंड सुजतं, डोळा मिटतो आणि खुराड्याला कुबट वास सुटतो.

थंडीच्या नावाखाली खुराड्याला चहूबाजूंनी पोती ठोकावीत. तूस ओलं झालं तरी बदलू नये. आत डोकावल्यावर आपले डोळे चुरचुरले की जमलं म्हणायचं. तो शिटेतला अमोनिया. श्वासनळीतली घाण बाहेर ढकलणारी बारीक लव तो निकामी करतो, मग जंतूंना रान मोकळं.

लसीच्या फंदात पडू नये. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात घातला आणि पुढे वेळच्या वेळी लस टोचली, तर मानमोडी टळते खरी. पण कुपी असते शंभर पक्ष्यांची, आपल्या कोंबड्या बारा. आळीतल्या आठ घरांनी मिळून एक कुपी बर्फात आणली की भागतं. त्यासाठी आठ घरांचं एकमेकांशी बोलणं हवं, आणि बांधाचा वाद तर अजून कोर्टात आहे.

रात्री खुराड्यातून घरघर ऐकू आली की हवेला दोष द्यावा, नाहीतर शेजारणीच्या नजरेला. मग कुणाकडची तरी उरलेली अँटिबायोटिकची पुडी पाण्यात कालवावी. मानमोडी विषाणूची, पुडीनं तिचं काही वाकडं होत नाही. सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्माची जुनाट सर्दी असेल तर घरघर थांबते, जंतू मात्र अंगातच राहतो. त्या दिवसांतली अंडी खुशाल विकावीत, औषधासकट. राहिलेली खुडूक कोंबडीखाली बसवावीत. मायकोप्लाझ्मा अंड्यातूनही पिल्लात उतरतो, तेव्हा पिल्लं भाऊबंदांत वाटायला विसरू नये. वाटताना त्याच चपला घालून प्रत्येकाच्या खुराड्यापर्यंत जावं, चौकशी करावी.

एका रात्रीत निम्म्या कोंबड्या आडव्या झाल्या तर मात्र प्रकरण मोठं. बर्ड फ्लू 2006 साली नवापुरात आला, 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं असतं. नवशिक्यानं तसं करू नये. अंधार पडल्यावर पोतं भरून ओढ्यात टाकावं, फार खोलही नको. खालच्या गावापर्यंत पोचवायला कुत्री आहेत.